पाठमोरी चढण

आमच्या मोटारीला चार कार्ब्युरेटर आहेत आणि चारही मोटारसायकलचे आहेत. हे सांगितलं की मोटारींची कामं करणारे हसतात, आणि मोटारसायकलींची कामं करणारे जरा जवळ सरकून विचारतात, "कसे बसवले?" मी त्या दुसऱ्या लोकांपैकी. सारा जन्म दुचाकींच्या कामात गेला. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. आता फाटकावरची पाटी उतरवली आहे, पण हत्यारं अजून भिंतीला जागच्या जागी टांगलेली असतात.

मोटार माझ्या सुनेची. सूनबाई नर्स आहे. दवाखान्यात बसणारी नव्हे, घरोघरी जाणारी. कुणाला इंजेक्शन, कुणाची जखम धुणं, कुणा बाळंतिणीच्या बाळाचं वजन. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. घरात मी, सूनबाई आणि नात. नातीला आम्ही ठिणगी म्हणतो, कारण लहानपणी ती रडायची ते अगदी वेल्डिंग चालू असल्यासारखं, तडतड करत आणि थांबून थांबून.

एका सकाळी मोटार फाटकातच बंद पडली. समोर मोटारींचं गॅरेज आहे. त्याचा मालक आणि मी एका शाळेत होतो. तो मला दुचाकी म्हणतो, मी त्याला चारचाकी म्हणतो. खरी नावं आता शाळेच्या हजेरीपटातच उरली असतील. चारचाकी आला, बॉनेट उघडून वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"कार्ब्युरेटरच्या अंगालाच चीर गेलीय," तो म्हणाला. "दुरुस्त होणार नाही. नवा मिळणार नाही, बनायचा बंद झालाय. दुचाकी, तू आता हिच्यात कोंबड्या पाळ."

सूनबाई हसली नाही. खांद्यावर कामाची पिशवी घेऊन ती फाटकाला टेकून उभी होती. "बाबा, सुतारकाकांचं काय करू?" एवढंच म्हणाली.

सुतारकाका तिचे पेशंट. टेकडीवरच्या वस्तीत अगदी शेवटच्या घरात एकटे राहायचे. अंगात साखरेचा आजार, त्यात पायाला जखम झालेली, आणि ती भरून यायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रोज, एकही दिवस न चुकवता, जखम धुऊन पट्टी बदलली तर पाय राहील. नाहीतर घोट्यापासून काढावा लागेल.

टेकडीवर बस जात नाही. रस्ता असा उभा, की सायकलवाले खाली उतरून ढकलत नेतात. गाडी बंद पडल्यावर सूनबाई बाकीची घरं पायी उरकायची आणि मग टेकडी चढायची. एक दिवस तिला वर पोचताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर जखमेच्या कडेने लाली आलेली. ती घरी आली, चपला काढल्या आणि तिथंच पायरीवर बसली.

"सुताराला रंधा मारायला उभं राहावं लागतं, बाबा," ती म्हणाली. "बसून रंधा मारता येतो का?"

मी म्हटलं, "तू जेवून घे. मी जरा दुकानात जाऊन येतो."

दुकानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक भलीथोरली मोटारसायकल पडून होती. अपघातात तिची चौकट वाकली होती. मालकाने "तुमच्या कामी येईल ते काढून घ्या, काका" म्हणत ती माझ्या दारात सोडली, आणि मी तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं होतं. आज तो तरुण कुठे भेटला तर त्याला घरी आणून बसवीन आणि चहा पाजीन. कारण त्या मोटारसायकलला सिलिंडर चार होते आणि कार्ब्युरेटरही चार, एका पट्टीवर ओळीने बसवलेले, शाळेच्या बाकावर मुलं बसतात तसे. आणि सूनबाईच्या मोटारीच्या इंजिनालाही सिलिंडर चारच.

ठिणगी माझ्या मागोमाग आली होती. तिने ताडपत्रीचं दुसरं टोक उचललं. "आजोबा, मोटारसायकलचं मोटारीला चालतं?"

"इंजिनाला डोळे कुठे असतात? त्याला हवा पाहिजे, पेट्रोल पाहिजे, आणि दोन्हींचं प्रमाण बरोबर पाहिजे. देणारा कोण, हे ते विचारत नाही."

"पण हवेत पेट्रोल मिसळतं कसं?"

अशा प्रश्नाला तोंडी उत्तर द्यायला मला आवडत नाही. आम्ही आत जाऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. पेला काठोकाठ पाण्याने भरला. शीतपेयाची एक नळी कापून पेल्यात उभी धरली, वरचं टोक पाण्याच्या जेमतेम वर येईल अशी. दुसरी नळी ठिणगीच्या तोंडात दिली. "या उभ्या नळीच्या तोंडावरून आडवी फुंकर मार. जोरात."

तिने मारली. काही झालं नाही. मी तिची नळी केसभर खाली केली. पुन्हा मारली. पाणी उभ्या नळीतून आपणहून वर चढलं आणि फवारा उडाला, तो थेट समोर जेवत असलेल्या सूनबाईच्या गणवेशावर.

"हा कार्ब्युरेटर," मी म्हणालो.

"हा गणवेश आजच धुतला होता," सूनबाई म्हणाली. पण त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली.

मग मी ठिणगीला पितळेचा जेट दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढी चकती म्हणा, तिला मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक. वारा जोरात गेला की पेट्रोल वर येतं, पण किती येऊ द्यायचं ते हे भोक ठरवतं. ठिणगीने तो एका डोळ्याला लावून खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "चारचाकीकाका केवढुसे दिसतात." त्यांना तसंच बघत जा, मी म्हटलं.

कामाला लागलो. मोटारसायकलवर चौघं खांद्याला खांदा लावून बसायचे. मोटारीच्या इंजिनाची तोंडं मात्र लांब लांब. म्हणून पट्टी कापून वाढवली, लोखंडी पट्टीला पाइपाचे चार तुकडे वेल्ड केले आणि प्रत्येकावर जाड रबरी नळी चढवून कार्ब्युरेटर त्यात घट्ट बसवले. इंजिन चालू केलं. क्षणभर छान धडधडलं, आणि मग चौघांच्या कडेने पेट्रोल ठिबकायला लागलं. मी झटकन बंद केलं.

"काय झालं?" ठिणगी दोन पावलं मागे सरकली होती, मी शिकवलं होतं तशी.

"मोटारीला पेट्रोलचा पंप असतो. तो ढकलून ढकलून देतो. या चौघांना ढकलाढकलीची सवय नाही. मोटारसायकलची टाकी वर असते, हे खाली. पेट्रोल आपलं निवांत उतरतं. लागेल तेवढं घेतात आणि पुरे म्हणतात."

"म्हणजे बाळाला घाईने भरवलं की ते ओकतं, तसं."

"अगदी तसंच."

मग मला जे सुचलं ते कुठल्याही मोटारसायकलवाल्याला सुचलं असतं. पंपाची जागा पत्रा लावून बंद केली. मोटारसायकलचीच लाल टाकी काढली, डिकीवर सामानासाठी लोखंडी कठडा होता त्यात रबर घालून पट्ट्यांनी आवळून बसवली, आणि तिथून नळी पुढे आणली. टाकी उंच, कार्ब्युरेटर खाली. पेट्रोल उतरलं. एक थेंब गळला नाही.

चारचाकी रस्ता ओलांडून बघायला आला. त्याने गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. "दुचाकी, हे काय प्रकरण आहे? मोटारसायकल पाठुंगळी घेऊन निघालीय की काय ही?"

"तुझ्याकडे याहून बरं काही आहे?"

"आहे ना. पंप ठेवायचा, आणि जास्तीचं पेट्रोल परत टाकीकडे जायला वेगळी वाट काढायची. त्याचा जोड मागवावा लागतो पण."

"कधी येईल?"

"येईल तेव्हा येईल."

"मग सुताराच्या पायाला तसं कळवू का?"

त्याने लाल टाकीवरून एकदा हात फिरवला. मग, "मी आपला सहज म्हटलं," असं पुटपुटत परत गेला.

आता खरं काम उरलं होतं. चार कार्ब्युरेटर बसवणं हे काही फार नाही. चौघांनी सारखा श्वास घेणं अवघड. एकाने जास्त ओढलं की बाकीचे तिघे त्याच्या मागे फरपटतात, इंजिन थरथरतं आणि चढावर दम टाकतं. हे जुळवण्यासाठी माझ्याकडे एक हातभर रबरी नळी आहे. तिचं एक टोक कानात धरायचं, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी न्यायचं आणि वारा आत जाताना कसा बोलतो ते ऐकायचं. चौघांचा सूर एक झाला की काम झालं.

नळी कानाला लावली आणि मला नुसती धडधड ऐकू आली. चौघांपाशी तीच. आयुष्यभर उघडे सायलेन्सर ऐकले, त्यांनी कानातला बारीक आवाज नेला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त कधी अडलं नव्हतं. मी नळी झटकली, फुंकली, पुन्हा लावली. ठिणगी माझ्याकडे बघत होती.

"आजोबा, मी ऐकू?"

तिचे केस मी तिच्याच रिबिनीने घट्ट मागे बांधले, बाह्या वर केल्या, पंख्याच्या पात्यापासून हात किती लांब ठेवायचा ते तीनदा म्हणवून घेतलं आणि नळी तिच्या हाती दिली. तिने एकेकाजवळ जाऊन ऐकलं. चेहरा असा, की कुणी कानात गुपित सांगतंय.

"हा शिट्टी मारतो," पहिल्याबद्दल ती म्हणाली. "हा फुसक्या आहे. हा घोरतो. आणि हा शहाणा, हळू पण नीट बोलतो."

"आधी शिट्टी आणि फुसक्या यांची जोडी जुळवू. दोघांच्या मध्ये स्क्रू आहे. मी फिरवतो, तू सांग."

"फुसक्या थोडा वाढला. अजून. अजून... नाही, नाही, आता तोच शिट्टी मारायला लागला."

"परत येऊ. घाई नाही."

पहिली जोडी जुळली. मग घोरणारा आणि शहाणा. मग मधला स्क्रू, दोन्ही जोड्या एकमेकींशी जुळवणारा. प्रत्येक वेळी तिने चौघांचं पुन्हा ऐकलं, कारण एकाला हात लावला की दुसऱ्याचं बिनसतं, हे तिच्या ध्यानात मी न सांगता आलं. शेवटी ती नळी कानातून काढून म्हणाली, "आता कोण कोणता ते ओळखू येत नाही." इंजिनाची थरथर गेली होती. तिने दप्तरातला खोडरबर आणला आणि इंजिनाच्या झाकणावर उभा केला. तो उभाच राहिला.

माझ्या कानांनी जे सोडलं ते तिच्या कानांनी उचललं. त्या वेळी मनात काय आलं ते नीटसं सांगता येणार नाही. एवढंच की मी स्क्रूड्रायव्हर पुसत बसलो, आणि तो आधीच स्वच्छ होता.

मग सपाट रस्त्यावर फेरी मारली आणि सिलिंडरचे स्पार्क प्लग काढून पाहिले. पांढरे फटक. म्हणजे इंजिन उपाशी. मोटारीचा सिलिंडर मोटारसायकलच्या सिलिंडरपेक्षा मोठा, त्याला घास मोठा लागतो. थोड्या मोठ्या भोकाचे जेट घातले, पुन्हा फेरी. आता काळे, म्हणजे अति खाल्लं. मधले घातले. तिसऱ्यांदा काढले तेव्हा चारही प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. ठिणगीला तो रंग एवढा पटला, की तिने खरोखर बिस्किट आणून शेजारी धरलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई गाडी घेऊन निघाली. "बाबा, गाडी कशी लोण्यासारखी चाललीय," फाटकातून वळताना म्हणाली. लाल टाकी मागे मिरवत गाडी रस्त्याच्या टोकाला दिसेनाशी झाली. मी आणि ठिणगी पायरीवर बसलो. मी तिला प्लगचा शेंडा घासायला शिकवत होतो तोच फोन आला.

"बाबा, टेकडीच्या पायथ्यापासून थोडी चढली आणि खोकून बंद पडली. खाली सपाटीवर आणली की लगेच सुरू होते. पुन्हा चढावर घातली की पुन्हा तेच."

माझ्या डोक्यात चारही कार्ब्युरेटर सुटे होऊन पडले. जेट चुकला? रबरी नळीतून हवा शिरते? "तू थांब तिथेच, मी येतो."

"थांबून कसं चालेल? आधीच एक दिवस चुकलाय, आणि—" ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "बाबा, टाकी मागे आहे ना? बरं. ठेवते," आणि फोन बंद.

मी चारचाकीला हाक मारली. त्याने काही न विचारता आपली व्हॅन काढली. ठिणगी मध्ये बसली, मांडीवर स्क्रूड्रायव्हर, नळी आणि जेटची डबी. वाटेभर मला जखमेच्या कडेची ती लाली दिसत होती, जी मी कधी पाहिली नव्हती.

पायथ्याशी वळलो आणि चारचाकीने व्हॅन रस्त्याच्या कडेला उभीच केली. त्याला पुढे चालवता येईना, इतका तो हसत होता.

वर, टेकडीच्या मध्यावर, आमची मोटार चढत होती. उलटी. लाल टाकी सगळ्यात पुढे, तोंड आमच्याकडे. सूनबाई मान पूर्ण मागे वळवून, एक हात शेजारच्या सीटवर टाकून, रिव्हर्समध्ये सावकाश आणि एकसारखी वर चालली होती. वस्तीतली दोन पोरं तिच्या बाजूने धावत दिशा दाखवत होती. इंजिनाचा आवाज असा गोल, की मलाही ऐकू आला.

"दुचाकी," चारचाकी डोळे पुसत म्हणाला, "तुझी सून तुझ्याहून शंभर हिश्श्यांनी हुशार आहे."

"ते मला लग्नातच कळलं होतं," मी म्हणालो. आणि मग मलाही हसू आवरेना, कारण कार्ब्युरेटर चांगलेच होते.

आम्ही सुतारकाकांच्या घरी पोचलो तेव्हा ती स्टुलावर बसून पट्टी सोडत होती. एकच खोली, पण तिच्यात लाकडाचा वास भरलेला. भिंतीला पटाशा लहानमोठ्या क्रमाने लावलेल्या. खिडकीशी रंधा मारायचं लांब टेबल, त्यावर अर्धवट केलेली एक खुर्ची, तिला तीनच पाय. सुतारकाका खाटेवर, पाय पाटावर पुढे केलेला.

"सिस्टर, आज तुम्ही कुणाला तोंड दाखवायचं नाही असं ठरवून आलात की काय?" ते म्हणाले. "खिडकीतून बघतो तर गाडी पाठमोरी."

"पाय हलवू नका," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "बाबा, सलाईनची बाटली कुठे टांगतात?"

"वर. खुंटीला."

"आणि पेशंटला उठवून बाटलीपेक्षा उंच बसवलं तर?"

"थांबेल."

"झालं तर. सपाटीवर तुमची टाकी कार्ब्युरेटरच्या वर. चढावर गाडीचं नाक वर गेलं आणि डिकी खाली, म्हणजे पेशंट वर आणि बाटली खाली. मग म्हटलं, पेशंटलाच खाली धरू. गाडी फिरवली. रोजचंच काम आहे हे माझं."

मोटारसायकलवर टाकी कार्ब्युरेटरच्या थेट डोक्यावर असते. तिला कुठल्याही चढावर न्या, ती डोक्यावरच राहते. इतकी वर्षं मी तेच पाहत आलो. मोटारीत ती गाडीभर लांब जाऊन बसली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सूनबाईला मला टोचून बोलायची ही छान संधी होती. तिने ती घेतली नाही. जखमेवर वाकून म्हणाली, "लाली वाढलेली नाही. होती तेवढीच आहे," आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. त्या वेळी आम्हा पाचही जणांचे कार्ब्युरेटर जुळलेले होते म्हणायचे.

ठिणगीला अजून शंका होती. मग मी सुतारकाकांच्या मोरीतून पाण्याचा तांब्या घेतला, तिची ती ऐकायची नळी पाण्याने भरली, एक टोक तांब्यात बुडवलं आणि दुसरं खाली धरलं. धार लागली. टोक हळूहळू वर नेलं. तांब्यातल्या पाण्याच्या वर गेलं तशी धार थांबली.

"अरे, एवढंच," ठिणगी म्हणाली.

"मोठ्या मोठ्या गोष्टी एवढ्याच असतात, पोरी," सुतारकाका म्हणाले. "कळेपर्यंत त्या मोठ्या."

नंतर कितीतरी दिवस गाडी टेकडी उलटीच चढत होती. सूनबाईची मान दुखायची. ठिणगी रोज तिला तेल लावून द्यायची. वरच्या वस्तीतल्या मुलांचा तो खेळ झाला. ती वळणावर थांबून राहायची आणि गाडी आली की सगळी पाठमोरी होऊन तिच्या बरोबर उलटी चालायची. सुतारकाका खिडकीतून लाल टाकी दिसली की पाय पाटावर ठेवून तयार.

मग एका दुपारी चारचाकी एक छोटी पुडी घेऊन आला आणि माझ्या हातात न देता हत्यारांच्या टेबलावर ठेवून गेला. आत तो जोड होता, जास्तीचं पेट्रोल परत नेणारा. नंतर त्याच्या मुलाकडून कळलं, की ज्या दिवशी माझं आणि त्याचं बोलणं झालं त्याच दिवशी त्याने तो मागवला होता. मी त्याच्या गॅरेजात जाऊन "बरं झालं" म्हणालो. तो म्हणाला, "तुझ्यासाठी नाही, मला त्या टाकीची लाज वाटत होती." मग त्याने माझ्याकडे स्टूल सरकवलं आणि दोन चहा मागवले. त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं, आणि मला काय म्हणायचंय ते त्याला.

पंप परत बसला. टाकी उतरली, ती आता अंगणात उलटी ठेवली आहे, बसायला. गाडी टेकडी सुलटी चढू लागली. सुतारकाकांच्या पायाची करंगळी डॉक्टरांना काढावी लागली, पण पाय राहिला. जखम आधी अर्धी झाली, मग नखाएवढी, मग नुसती खूण.

एका सकाळी मी बॉनेट उघडून काहीतरी पाहत होतो. फाटक वाजलं. हातात काठी घेऊन सुतारकाका उभे. टेकडी उतरून, दोन रस्ते ओलांडून, एकटे आले होते.

"आधी फोन करायचा ना," मी म्हटलं. "सून आली असती घ्यायला."

"तिने खूप वेळा येऊन झालंय. म्हटलं, एकदा आपण जावं." मग इंजिनाकडे हनुवटी करून, "हेच का ते चौघं? ज्यांनी सिस्टरना वर आणलं?"

"हेच."

"यांचे आभार कसे मानायचे?"

ठिणगी शाळेला निघाली होती. तिने दप्तर पायरीवर टाकलं आणि नळी आणली. "असं कानाला लावायचं, काका. आणि पंख्यापासून हात इतका लांब. म्हणून दाखवा."

"पंख्यापासून हात इतका लांब," सुतारकाका निमूट म्हणाले.

मी इंजिन चालू केलं. ठिणगीने एकेकाची ओळख करून दिली. हा शिट्टी, हा फुसक्या, आता फुसका नाही पण नाव तेच. सुतारकाका पुढे वाकले. डोळे मिटून ऐकू लागले. फळीची कड डोळ्याला लावून सरळ आहे का बघतात, तसा त्यांचा चेहरा झाला.

"हा शेवटचा," ते म्हणाले, "किंचित मागे आहे. केसभर."

ठिणगीने नळी घेऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. माझ्याकडे बघून मान डोलावली. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून घेऊन त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच फिरवा. पण जरासंच."

दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी काठी गाडीच्या चाकाला टेकवून ठेवली. एका हाताने बॉनेटची कड न धरता, सरळ, दोन्ही पायांवर भार टाकून ते वाकले आणि स्क्रू केसभर फिरवला. इंजिनाचा आवाज बदलला की नाही ते मला ऐकू आलं नाही. सूनबाई दारात पिशवी घेऊन आली होती, निघायच्या घाईत. ती थबकली. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोटाने गप्प राहायची खूण केली.

"आता?" सुतारकाकांनी ठिणगीला विचारलं.

"आता सगळे सारखे," ती म्हणाली.

ते तसेच उभे राहिले, पुन्हा पहिल्यापासून ऐकायला. काठी कुठे ठेवली हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.